रिकामी बरणी परत घेतली जाणार नाही

पत्रकाराच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. जुने प्रेस-पास आणि न छापलेल्या ओळी. पास मी मागच्या दिवाळीत रद्दीत घातले. ओळींना रद्दीवाला हात लावत नाही! बातमीला 'पेग' लागतो, म्हणजे ताजं निमित्त, आकडा लागतो, मंत्र्याचं वाक्य लागतं. जी ओळ ऐकून आपण परतीच्या वाटेवर गाडीत एकट्याने हसलेलो असतो, नेमकी तीच डेस्कवरचा शहाणा कापतो. तीस वर्षं इथल्या एका इंग्रजी पेपरात बातमीदारी केली, आता नावापुरती निवृत्त आहे, तरी आठवड्याला एक मजकूर देते आणि आठवड्याला एकदा डेस्कशी भांडते.

चंदीगडातली आम्ही मराठी मंडळी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. कोणी डॉक्टर, कोणी युनिव्हर्सिटीत, कोणी फौजेतलं. मिसळ झाली, ताक झालं की कोणीतरी म्हणतंच, "ताई, त्या लोणचेवाल्यांचं सांगा ना!" एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा त्याचा पदर धरून हजर. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

लोणचेवाल्या म्हणजे अकरा बायका. चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरच्या फ्लॅटांची भिंत संपली की वीसेक मिनिटांवर त्यांचं गाव आहे. नाव सांगणार नाही. सांगितलं तर उद्या तिथे कोणीतरी 'मॉडेल व्हिलेज'चा बोर्ड ठोकेल. त्यांच्या बचत गटाला बँकेच्या कागदावर एक लांबलचक नाव आहे, पण ते बँकवाल्यानेच ठेवलेलं असल्यामुळे कोणाच्याच लक्षात राहत नाही. सगळे त्यांना 'अचारवालियां' म्हणतात. म्होरकी सुखविंदर, पन्नाशीची, कुजबुजली तरी शेताच्या बांधापर्यंत ऐकू जाते. तिच्या शेजारी कायम जीतो. सत्तरीची, फटकळ, दात कमी आणि धार जास्त. त्या पंजाबीत बोलतात, मी मराठीत सांगते. आवाज तुमचा तुम्ही चढवून घ्या.

आणि एक खोली. गावातली पंचायतीची जुनी खोली, पुढे अंगण, दिवसभर ऊन. पूर्वी तिथे खताची पोती असायची आणि उंदीर. या बायकांनी पोती काढली, भिंती लिंपल्या, खिडक्यांना जाळ्या लावल्या आणि ओटा बांधला. त्या खोलीत अकरा जणी एकत्र बसतात, म्हणून लोणचं होतं. खोली नसेल तर अकरा सासवा, अकरा स्वयंपाकघरं आणि लोणचं शून्य! ही खोली माझ्या एका वाक्यामुळे जायची वेळ आली होती. तेही सांगते. पण क्रमाने.

* * *

पहिली भेट एका सरकारी सोहळ्यात. 'स्वावलंबी ग्रामीण महिला' वगैरे वगैरे. स्टेजवर अकरा बायका रांगेत, अंगावर नारिंगी एप्रन, डोक्यावर कागदी टोप्या. प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकचं चकचकीत पाकीट. पाकिटावर एका हसऱ्या शेतकरीण बाईचं चित्र. आणि ती बाई चक्क नऊवारीत! पंजाबच्या लोणच्यावर!

मंत्रिमहोदय माइकवर म्हणाले, "ये देखिए, इनके हाथ का स्वाद!"

मी खुर्चीतून उठले. आयोजक माझ्याकडे बघून डोळे मिटतात, मला सवय आहे. रांगेतल्या पहिल्या बाईला विचारलं, "हे तुम्ही बनवलंय?"

ती सुखविंदर होती. तिने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि माइकची गरज नसलेल्या आवाजात म्हणाली, "हे? हे आत्ता त्या साहेबांनी हातात दिलं. आमचं लोणचं बरणीत असतं. बरण्या बाहेर ठेवायला लावल्या, फोटोत चांगल्या दिसत नाहीत म्हणून!"

मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आभार मानतेय.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ: 'आपल्या उत्पादनासह महिला.' मी डेस्कला फोन केला. काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही, मुलंबाळं वाचतात.

* * *

मग मी त्यांच्या गावी गेले आणि त्या बाहेर ठेवलेल्या बरण्यांमधली एक घेऊन आले. चिनी मातीची, पांढरी, वर तपकिरी झाकण. आत कोबी-गाजर-शलगमचं लोणचं. कोबी म्हणजे फुलकोबी बरं का, आणि शलगम म्हणजे सलगम, तो मुळ्याचा गोल भाऊ. गूळ, सिरका म्हणजे आपलं व्हिनेगर, मोहरी, थंडीतलं ऊन. चंदीगडातल्या आमच्या मनीमाजऱ्याच्या घरात ती बरणी आठ दिवस टिकली, तीही मी लपवून ठेवली म्हणून.

बरणी परत करायची असते, एवढं मला सांगितलं होतं. डिपॉझिट नाही, चिठ्ठी नाही, सही नाही. मी ती घासून, उन्हात वाळवून, लख्ख करून रविवारच्या बाजारात त्यांच्या स्टॉलवर नेऊन दिली. मनात म्हटलं, बघा, सुशिक्षित ग्राहक!

सुखविंदरने झाकण उघडलं. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा आत बघितलं.

"भैणजी, काय चुकलं आमचं?"

"काही नाही. का?"

"मग रिकामी का परत केलीत?"

जीतो बाजूने म्हणाली, "ज्या घराशी बोलणं तोडायचं असतं, त्या घराचं भांडं रिकामं परत करतात."

मला भर बाजारात घाम फुटला. माझी आई सांगलीत शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची! आणि मी, एम.ए. झालेली, तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारत फिरणारी, हे साफ विसरले होते. धावत गाडीकडे गेले. डिकी, डॅशबोर्ड, सीटखाली, सगळं शोधलं. ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा मिळाला. तो बरणीत घालून परत नेला.

सुखविंदर म्हणाली, "चला, राहिलं नातं."

पुढच्या रविवारी जीतोने मला हाक मारून बोलावलं. "भैणजी, बिस्किटं अकरा जणींत वाटली. अर्धं-अर्धं आलं. तुमच्या नवऱ्याचा पगार वेळेवर होतो ना?"

* * *

गुडगावहून एक सल्लागार आला होता. वाईट नव्हता बिचारा, फक्त लॅपटॉप उघडल्याशिवाय त्याला विचार सुचत नसे. त्याने त्या खोलीच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पाडला. अकरा बायका शलगम चिरता चिरता बघत होत्या. मी कोपऱ्यात वही घेऊन.

पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात: 'सामाजिक पूंजी'.

जीतोने विचारलं, "पुत्तर, हे काय असतं?"

तो खुश झाला. "आंटीजी, म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवणं. शेजाऱ्यांशी नातं ठेवणं. अडीअडचणीला धावून जाणं."

जीतोने सुरी खाली ठेवली. "हे शिकवायला तुला एवढ्या लांबून पाठवलं?"

"हो जी."

"आमच्याकडे हे आई शिकवते. तुझ्या आईला वेळ नव्हता का रे?"

त्याने घाईघाईने पुढची स्लाइड काढली.

पण तो चिवट होता. त्याने बरण्यांचा विषय काढला. किती बरण्या बाहेर आहेत, कोणाकडे आहेत, नोंद कुठे आहे? सुखविंदर शलगमावरची नजर न काढता सांगायला लागली. कान तुटलेली कर्नलसाहेबांकडे. झाकणाला चीर असलेली पंचकुल्याच्या मास्तरीणबाईंकडे, त्यांची सून बाळंत झालीय, पुढच्या महिन्यात आणतील, येताना बाळंतिणीच्या खाण्यातली पंजिरी आणतील. निळ्या काठाची एकच आहे, ती सरपंचांच्या घरी. बुटकी त्या जुळ्या बहिणींकडे, दोघींत मिळून एकच दिलीय, नाहीतर भांडतात. अशी दहा मिनिटं ती बोलत राहिली. सल्लागाराने टाइप करायचं सोडून दिलं.

शेवटी त्याने आपला हुकमी प्रश्न टाकला. "पण समजा, एखाद्याने बरणी परत केलीच नाही तर?"

सुखविंदरला प्रश्नच कळेना. तिने जीतोकडे बघितलं. जीतोने खांदे उडवले.

"तर जाऊन बघायचं," सुखविंदर म्हणाली, "माणूस आजारी तर नाही ना?"

* * *

ही थाप नव्हती. आमच्या मंडळातल्या वैद्यकाकूंना विचारा!

काकू म्हणजे हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी. काका गेले, मुलगा कॅनडात, काकू झिरकपूरच्या एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर एकट्या. दर रविवारी बरणी बदलून न्यायच्या. दोन रविवार आल्या नाहीत. आम्ही मंडळवाले काय समजलो? गेल्या असतील कुठे तरी. चार शिकलेल्या घरांत मिळून एक फोन झाला नाही. त्यात माझं घर पहिलं.

दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी सुखविंदर आणि जीतो बस पकडून झिरकपूरला गेल्या. टॉवरच्या गेटवर वॉचमन, त्याच्या हातात मोबाइल.

"डिलिव्हरी?"

"नाही. बरणी न्यायला आलोय."

"पिकअप? कोणती कंपनी?"

"कंपनी नाही रे. बरणी!"

"ॲपमध्ये बरणी नाही. डिलिव्हरी, कॅब, मेड, गेस्ट नाहीतर फॅमिली. काय टाकू?"

जीतो म्हणाली, "फॅमिली टाक."

"कोण लागता?"

"आई लिही. माझं वय दिसत नाही का?"

त्याने लिहिलं. आता यापुढचं काकूंच्याच तोंडून ऐकावं. "अगं, घोटा मोडून मी अंथरुणात! मुलाचा रोज फोन, मी रोज 'मजेत' म्हणायचे, उगाच तिकडे त्याला घोर कशाला. तेवढ्यात मोबाइल वाजला. बघते तर काय, 'गेटवर तुमची आई आली आहे. आत सोडायचं का?' माझी आई जाऊन पंचवीस वर्षं झाली! म्हटलं, चला, आली न्यायला. आणि इतक्या लांबून आलीय, गेटवर कशाला ताटकळत ठेवायची? दाबलं 'येस'!"

मग खुर्ची ढकलत ढकलत त्यांनी दार उघडलं. बाहेर दोन सरदारणी.

जीतो तिथे आठ दिवस राहिली. प्लॅस्टर, डॉक्टर, सरसोंची भाजी, सगळं तिने बघितलं. टॉवरमधल्या बायकांना लिफ्टमध्ये गाठून काकूंशी ओळख करून दिली. काकू चार वर्षं तिथे राहतात, समोरच्या दारातल्या बाईचं नाव त्यांना जीतोकडून कळलं!

* * *

वैद्यकाकूंनी बरणी परत केली, अर्थातच भरून. आत घरचा गोडा मसाला. काकूंनी मोडक्या घोट्यानिशी स्टुलावर बसून भाजलेला, दगडफूल, नागकेशर, खोबरं, तीळ, सगळं साग्रसंगीत.

आता ही चूक त्या अकरा जणीच करू शकतात. लोणच्याच्या बरणीतून मसाला आला, म्हणजे तो लोणच्याचाच असणार! सुखविंदरने सगळाच्या सगळा शलगमाच्या मोठ्या रांजणात घातला. कळल्यावर काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, तो आमटीचा!"

सुखविंदरने रांजणात डोकावलं. रांजण भरलेला. फेकायचा कसा? घाबरत घाबरत रविवारी बाजारात नेला.

दुपारपर्यंत संपला!

पुढच्या रविवारी एक पगडीवाले आजोबा काठी टेकत आले. "ते मागच्या खेपेचं द्या. ज्यात काहीतरी चुकलं होतं ते."

तेव्हापासून त्या लोणच्याचं नाव 'काकूवाला'. काकू दर महिन्याला गावी जातात आणि ओट्यावर बसून अकरा जणींना तीळ किती भाजायचे यावरून रागावतात. पंजाबी येत नाही, हिंदी फौजी. जीतो म्हणते, "ही बोलते ते कळत नाही, पण चुकलं की नाही ते बरोबर कळतं."

* * *

आता माझा गुन्हा.

गावाच्या सरपंच गुरमीत कौर. सीट बायकांसाठी राखीव झाली, म्हणून नवऱ्याने त्यांना उभं केलं. निवडून आल्या. गाव 'सरपंच साहब' कोणाला म्हणतं? नवऱ्याला! तो पंचायतीच्या खुर्चीवर बसतो, तो फीत कापतो, तो भाषण देतो. कागद तेवढा सहीसाठी घरी जातो आणि पोळपाटाशेजारी बसून सही होते. हे मी देशभर ऐकलंय, आणि दरवेळी माझं डोकं तितकंच फिरतं.

मी मुलाखतीला गेले. गुरमीत समोर बसल्या होत्या, डोक्यावर चुन्नी, नजर ट्रेवरच्या कपांवर. शेजारी साहब.

"सरपंचजी, गावात पहिलं काम कोणतं करायचंय?"

साहब म्हणाले, "नाली."

"बचत गटाविषयी तुमचं काय मत आहे?"

साहब म्हणाले, "बायकांनी काहीतरी करत राहावं, मन रमतं."

गुरमीत काहीतरी म्हणायला मान वर करायच्या, तोवर उत्तर होऊन जायचं. माझं टाळकं सटकलं. वही मिटली आणि थेट त्यांच्याकडे वळून विचारलं, "बरं, तुमचं नाव तरी सांगा."

साहब त्याच ओघात म्हणाले, "माझं नाव गुरमीत कौर."

झालं. मी बातमी लिहिली आणि शेवटी एक ओळ टाकली: 'माझं नाव गुरमीत कौर, असं सरपंचांचे पती म्हणाले.' तीस वर्षांत डेस्कने न कापलेली माझी एकमेव चांगली ओळ, ती हीच! कापली असती तर बरं झालं असतं.

ब्लॉक ऑफिसात ते कात्रण भिंतीवर लागलं. साहब जातील तिथे लोक त्यांना 'सत् श्री अकाल, गुरमीतजी' म्हणायला लागले. माझ्यावर त्यांना काही करता येईना. मी मनीमाजऱ्यात. हाताशी कोण होतं? मला गावात आणणाऱ्या बायका!

आधी साहबांनी ती निळ्या काठाची बरणी ड्रायव्हरच्या हाती परत पाठवली. रिकामी. सुखविंदरने झाकण उघडलं, बघितलं आणि ड्रायव्हरलाच परत दिली. "सरपंचजींना सांग, बरणी रिकामी असेल तर आम्हाला मिळाली नाही." ड्रायव्हर तीनदा आला, तीनदा परत गेला. शेवटी बिचाऱ्याने ती गुरमीतच्या स्वयंपाकघरात ठेवून दिली.

आणि मग पंचायतीचा फतवा निघाला. जुन्या खोलीत तरुणांसाठी जिम होणार. खोली रिकामी करा.

मी गावी गेले, सुखविंदरसमोर उभी राहिले. म्हटलं, "माझ्या एका ओळीपायी हे झालं."

ती शलगम चिरत होती. "ओळ खरी होती का?"

"खरी होती."

"मग बसा, सुरी घ्या. बोलायला तोंड लागतं, चिरायला हात लागतात."

* * *

ब्लॉक ऑफिसात आम्ही पाच खेपा घातल्या. माझा आवाज तिथल्या जिन्यात अजून घुमत असेल. अधिकारी तरुण, गोड बोलणारा, काही न करणारा. प्रत्येक वाक्याच्या आधी 'मॅडम' आणि नंतर 'नियमानुसार'.

"मॅडम, खोली पंचायतीची. सरपंचांच्या सहीचा ठराव आणा, मी लगेच बघतो."

"सरपंचांची सही सरपंचांच्या नवऱ्याच्या खिशात आहे, हे तुम्हाला माहीत नाही?"

"मॅडम, नियमानुसार मला माहीत नाही."

मी टेबलावर हात आपटला. पेपरवेट उडाला. उपयोग शून्य. मग त्याने नवीन खुसपट काढलं. "या महिला ती खोली वापरतात, याला पुरावा काय?"

जीतो उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या नाकासमोर धरले. हळद, मोहरी, सिरका, किती वर्षांचा दर्प!

"घे वास."

त्याला मागे सरता येईना, मागे भिंत. घेतला वास. डोळे मिटले गेले त्याचे.

"काय येतंय?" जीतोने विचारलं.

"आजी..." तो एकदम पंजाबीत म्हणाला आणि गोरामोरा झाला.

फाइलवर त्याने लिहिलं, 'वापर सिद्ध.' पण त्याखाली पुन्हा तेच: 'निर्णय सरपंचांनी घ्यावा.'

* * *

जानेवारी उजाडला. इकडचा जानेवारी तुम्हाला माहीत आहे. धुकं असं, की आपलाच हात आपल्याला ओळख देत नाही. वर्षातलं सगळ्यात मोठं काम याच दिवसांत असतं. भाज्या उकळत्या पाण्यातून काढून, मोहरी लावून बरण्यांत भरतात, मग तीन-चार दिवस कडक ऊन दाखवायचं. ऊन मिळालं की भाजी आंबते, मग गूळ-सिरका. ऊन नाही मिळालं तर बुरशी. खोलीत भरलेल्या मोठ्या बरण्या रांगेने उभ्या होत्या, अख्ख्या मोसमाचं लोणचं, आणि नऊ दिवस सूर्याचा पत्ता नाही. सुखविंदर दिवसातून दहादा अंगणात येऊन आकाशाला शिव्या द्यायची.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ऊन पडलं. पिवळंधमक, गच्चीवर गाद्या वाळत घालाव्यात असं. बायका धावत खोलीशी आल्या.

दाराला नवीन कुलूप.

मला फोन आला. मी वैद्यकाकूंना घेऊन निघाले. काकूंनी वाटेत त्यांच्या टॉवरच्या ग्रुपवर आणि मंडळाच्या ग्रुपवर एकच मेसेज टाकला: 'आज स्टॉल नाही. बरणी गावात आणून द्या.' बस, एवढंच.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा जणी दारासमोर बसलेल्या. घोषणा नाहीत, रडणं नाही. दाराच्या फटीतून आत एक उन्हाची रेघ गेली होती आणि सुखविंदर तिच्याकडे बघत होती. "एका बरणीला तरी लागत असेल," म्हणाली.

दहा वाजल्यापासून गाड्या यायला लागल्या. कर्नलसाहेब आले, कान तुटलेली बरणी छातीशी धरून. मास्तरीणबाई पंजिरी घेऊन. जुळ्या बहिणी भांडत भांडत. काठीवाले पगडीवाले आजोबा. झिरकपूरच्या टॉवरमधल्या, जीतोने लिफ्टमध्ये गाठलेल्या बायका. आमच्या मंडळातली ती चार शिकलेली घरंही, खाली मान घालून. गावातल्या घराघरांतूनही बायका निघाल्या. एकही बरणी रिकामी नव्हती. तांदूळ, गूळ, चकल्या, रेवड्या, मक्याचं पीठ. एकेक बरणी अंगणात मांडली जात होती, आणि दाराआड लोणचं उन्हावाचून होतं.

मग साहबांची पांढरी गाडी आली. गल्लीत एवढ्या गाड्या, की त्यांना कोपऱ्यावर उतरून चालत यावं लागलं. बरोबर दोन दोस्त.

मी पुढे झाले. "कुलूप उघडा."

साहबांनी माझ्याकडे बघितलं, कर्नलसाहेबांकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. मग हसले. "पत्रकार मॅडम, तुम्हीच तर पेपरात लिहिलं होतं, मी कोण? पंचायतीची खोली, पंचायतीची चावी. सरपंचांकडे मागा ना!"

दोस्त खो खो हसले. साहबही हसले.

हसणं थांबलं, कारण गर्दी मागून फाटायला लागली होती.

गुरमीत कौर येत होत्या. एकट्या. डोक्यावर चुन्नी, कडेवर मूल घ्यावं तशी निळ्या काठाची बरणी. त्या नवऱ्याच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता, सरळ सुखविंदरपर्यंत गेल्या आणि बरणी तिच्या मांडीवर ठेवली.

"फार दिवस राहिली आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "भरायला वेळ लागला."

सुखविंदरने झाकण काढलं. वर पिन्न्या होत्या, म्हणजे कणकेचे लाडू, तुपातले, बदाम लावलेले. तिने एक काढली, जीतोला दिली. दुसरी काढली, काकूंना दिली. तिसरी काढताना आत काहीतरी खणकलं. तिने हात खोल घातला आणि तुपाने माखलेली, लाल दोऱ्यात ओवलेली चावी बाहेर काढली.

"ही कोणाला विचारून आणलीस?" साहब ओरडले. "कोण आहेस तू?"

गुरमीत वळल्या. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. माझ्या हातात सवयीने वही होती, पेन उघडं होतं. त्यांनी डोक्यावरची चुन्नी नीट केली आणि मी लिहायला तयार आहे ना, हे एकदा बघून घेतलं.

"माझं नाव गुरमीत कौर," असं सरपंच म्हणाल्या.